हातभर अंतराची बंदूक

मामाच्या बंदुकीची लांबी एकाहत्तर सेंटीमीटर भरली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती आडवी ठेवून मी टेपने मोजत होते, तेव्हा मामीने बटाटे सोलता सोलता मान वर केली.

"वजन पण घे," ती म्हणाली. "आणि जमलं तर तुझ्या मामाच्या अकलेचंही."

"दोन किलो तीनशे," मी काटा बघून म्हणाले. "बंदुकीचं."

लारियन मामा खिडकीशी खुर्चीच्या कडेवर बसला होता. हल्ली घरात तो असाच बसायचा, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. दोन हिवाळ्यांपूर्वी धक्क्यावरच्या बर्फावर तो घसरला आणि डाव्या खांद्यातले स्नायू फाटले. तेव्हापासून डावा हात छातीच्या वर जात नाही. लांब बंदूक धरायची तर डावा हात पुढे ताणून वर उचलावा लागतो. या आखूड शॉटगनला खांद्याला टेकवायचा दस्ताच नाही. दस्त्याच्या जागी पिस्तुलासारखी वाकडी मूठ आहे. उजव्या हाताने मूठ धरायची, डावा हात पोटाजवळ नळीखाली ठेवायचा, आणि कमरेपासूनच चाप ओढायचा. मामाच्या हाताला जेवढं जमतं तेवढंच ती मागते.

हॅलिबट धरायला बंदूक कशाला, हे कोडियाक बेटावर कुणी विचारत नाही. माणसाएवढा चपटा मासा जिवंत बोटीत घेतला तर तो शेपटीने पायाची हाडं मोडतो. म्हणून त्याला बोटीच्या कडेला, पाण्यातच, डोक्यात मारायचं आणि मग आत घ्यायचं. गेल्या वर्षी मामीचा भाचा मॅटफी याने उलट केलं. मासा आधी बोटीत घेतला, मग मारला. मासा मेला, पण बोटीच्या तळाला भोक पडलं आणि मॅटफी टोपीने पाणी उपसत घरी आला.

तरी बंदुकीवर सगळ्यात जास्त हसला तो मॅटफीच. आम्ही किनाऱ्यावर तिची चाचणी घेत होतो आणि तो बुटांनी खडे उडवत आला.

"काका, ही बंदूक आहे की कुलपाची किल्ली?"

"तुझ्या बोटीला भोक पाडायला पुरेल," मामा म्हणाला.

"आणि अस्वल आलं तर?"

"तर तुला पुढे ढकलीन. तू बंदुकीपेक्षा लांब आहेस."

मी बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे उभे केले होते. एका मीटरवर छर्रे एकत्रच गेले. बाटलीच्या बुचाएवढं भोक पडलं, कडा कापल्यासारख्या स्वच्छ. तीन मीटरवर भोक चिंधड्यांचं झालं, मुठीएवढं. दहा पावलांवर पाचपैकी दोनच बार पुठ्ठ्याला लागले, तेही कडेला आठ-दहा छर्रे. कमरेवरून नेम धरता येत नाही, नुसता रोख देता येतो. खांद्याचा आधार नसल्यामुळे सगळा धक्का मनगटात जातो आणि प्रत्येक बाराला नळी वर उसळते. शेवटच्या बारानंतर मी मामाच्या मनगटाचा घेर मोजला. तो एक सेंटीमीटरने वाढला होता. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या असूनही माझे दात हुळहुळत होते.

मी सगळे आकडे वहीत लिहिले आणि त्या पहिल्या पुठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी फेअरबँक्सला मत्स्यशास्त्र शिकले, प्रयोगशाळेत चार वर्षं काढली, पण एकाच जागेसाठी इतकं नेमकं आणि बाकी सगळीकडे इतकं निरुपयोगी असं उपकरण मी पाहिलं नव्हतं. दहा पावलांवर ती नुसता आवाज होती. हातभर अंतरावर मात्र तिच्यापुढे काहीच टिकलं नसतं.

मामीची अट त्याच संध्याकाळी ठरली.

"एक मोठा मासा," ती म्हणाली. "एकाच बारात. मी किनाऱ्यावरून मोजणार. दोन आवाज आले तर बोट मॅटफीची, आणि तू घरी बसून जाळी विणायची. मला तुला पाण्यातून शोधत बसायचं नाहीये, लारियन."

मामाने होकारार्थी मान हलवली. मामीच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती, हे आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं.

आमच्या गावात बंदुकीचे आवाज सगळेच मोजतात. खाडीभोवतीच्या डोंगरांवरून आवाज परत येतो, पण खरा कुठला आणि परत आलेला कुठला हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. एक आवाज म्हणजे मासा. दोन म्हणजे पहिला वाया गेला. तीन झाले की लोक मदतीला निघायला बूट घालायला लागतात.

"आणि दुन्ये, तू जा त्याच्याबरोबर," मामी मला म्हणाली. "तुला सगळं मोजायची हौस आहे ना? काय होतं ते बघ आणि मला खरं सांग."

सकाळी धुकं विरल्यावर आम्ही निघालो. आदल्या दिवशी खाडीच्या टोकाबाहेर शंभर मीटर खोलीवर आम्ही तीस गळांचा दोर सोडला होता. आता मी दोर ओढत होते आणि मामा उजव्या हाताने तो टोपलीत गोल रचत होता. बंदूक त्याच्या पायाशी, मधोमध उघडलेली, रिकामी.

"नियम सांग," मामा म्हणाला.

"दोर ज्याच्या हातात, शब्द त्याचा. मी म्हणेपर्यंत तू बंदूक मिटायची नाही."

"आणि तू कधी म्हणणार?"

"दोन्ही डोळे हवेत आल्यावर. डोळे कोरडे दिसले पाहिजेत."

"नळी पाण्यात बुडाली तर?"

"फुटेल."

"मास्तरीणबाई पास," मामा म्हणाला.

वीस गळांवर दोन कॉड मासे आणि एक रागावलेला खेकडा आला. बाविसाव्या गळाशी दोर थांबला. समुद्राच्या तळालाच बांधल्यासारखा. मी जोर लावला, तेव्हा तो तळ हलला.

वर यायला तिला वीस मिनिटं लागली. तिला म्हणते, कारण एवढ्या मोठ्या हॅलिबट जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. आधी खाली पाण्याचा एक भाग काळपट झाला. मग तो काळा भाग मोठा होत गेला, आणि मला वाटलं आता थांबेल, तरी तो मोठाच होत राहिला. आमच्या घराचं दार काढून पाण्यात आडवं सोडावं एवढा. अंगावर समुद्रतळाची सगळी नक्षी होती: वाळू, शेवाळ, खड्यांचे ठिपके. कडेच्या पंखांची झालर डोक्यापासून शेपटीपर्यंत लाटेसारखी, सावकाश हलत होती. ती झगडत नव्हती. कुणीतरी हाक मारली म्हणून बघायला आल्यासारखी ती वर येत होती.

हॅलिबटचं पिल्लू जन्मतं तेव्हा इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे. काही महिन्यांत एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा आयुष्यभर एका कुशीवर पोहतो. त्या प्रवासाची चित्रं मी परीक्षेसाठी दहा वेळा काढली होती. आता ते दोन्ही डोळे माझ्या खाली होते, सोनेरी कडांचे, आणि दोन्ही वेगवेगळे फिरत होते. एक बोटीकडे बघत होता. दुसरा, बहुधा तोच प्रवास करून आलेला, वळून माझ्यावर थांबला.

माझ्या डोक्यातले सगळे आकडे गेले.

"मार," मी म्हणाले.

मामाने काडतूस घालून बंदूक मिटली, नळी खाली केली, चाप ओढला. पाण्याचा खांब उडून आमच्या तोंडावर आला. खांबाखालून ती पांढरी झाली, म्हणजे उलटली, आणि खाली गेली.

"पाय!" मामा ओरडला.

मी दोराच्या वेटोळ्यातून बूट बाहेर काढला आणि त्याच क्षणी वेटोळं सरसरत निघून गेलं. हातमोज्यातून धूर निघाल्याचा वास आला. बोट कडेला कलली, मग सरळ झाली. दोर थांबला.

मामाने बंदूक उघडली, रिकामं काडतूस खिशात टाकलं आणि हात झटकला.

"डोळे कोरडे होते?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं."

एवढंच. मला वाटलं ओरडेल, पण तो मनगट चोळत पाण्याकडे बघत राहिला.

पाण्यातली वस्तू असते त्याहून वर दिसते, हे मी गावच्या शाळेत मुलांना ग्लासात पेन्सिल बुडवून दाखवते. तिचं डोकं चार बोटं खाली दिसत होतं, म्हणजे त्याहून खोल होतं. आणि छर्ऱ्यांना पाणी हवेपेक्षा आठशेपट जड. तेवढ्या पाण्याने त्यांचा सगळा जोर पिऊन टाकला. चूक कुठे झाली ते मला दशांश चिन्हापर्यंत सांगता आलं असतं. बाराच्या आधी ते एकदाही आठवलं नाही.

"मामा," मी म्हणाले, "दोर कापू या."

"का?"

"एकच आवाज झालाय. दोर तुटला म्हणू. मासा मिळाला नाही, पण दोन आवाजही नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ. बोट राहील."

मामाने टोकाकडे बघितलं. किनारा टोकाआड होता. तिथे मामी एक मोजून उभी असणार.

"तिला लागलंय का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मग? मोजणारी तू. माहीत नाही म्हणतेस आणि कापू म्हणतेस?"

मी दोर हातात घट्ट धरला.

"लागलं असेल आणि मी तिला तशीच सोडली," तो म्हणाला, "तर बोट ठेवून मी करू काय? ओढ."

मी ओढला. अकरा मिनिटं लागली, घड्याळ बघत होते म्हणून माहीत. या वेळी ती जड आणि नाखूश आली. तोंड वर आलं. मी थांबले. गालांवरून पाणी ओघळलं. मी थांबले. मामा बंदूक उघडी धरून, नवं काडतूस आत, माझ्या तोंडाकडे बघत होता, माशाकडे नाही. लाट खाली बसली आणि दोन्ही डोळे हवेत आले. त्यांच्यावरचं पाणी निथळलं. ऊन पडलं.

"मार."

नळी आणि डोकं यांच्यात वीतभर अंतर होतं. आवाज मघापेक्षा बसका आला. तिच्या अंगातून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक थरथर गेली, झालरीच्या शेवटच्या काडीपर्यंत, आणि संपली. इतकं मोठं काही इतकं पटकन थांबू शकतं हे मला खरं वाटेना. मामाने बंदूक उघडून खाली ठेवली, कडेवर वाकून उजवा तळवा तिच्या डोक्यावर ठेवला आणि आमच्या जुन्या भाषेत म्हणाला, "कुयाना." आभार. मीही म्हणाले.

तिला बोटीत घेणं आम्हा दोघांच्या आवाक्यात नव्हतं. कल्ल्यातून आणि शेपटीला दोर बांधून आम्ही तिला कडेला लावली आणि हळूहळू गावाकडे निघालो. मी टेप लावला. दोनशे चार सेंटीमीटर. कोष्टकाप्रमाणे सव्वाशे किलोच्या आसपास.

किनाऱ्यावर दहा-बारा माणसं जमली होती. मामी पुढे, हाताची घडी घालून. मॅटफी गुडघाभर पाण्यात येऊन मासा बघत म्हणाला, "अरे देवा." मग लगेच, "दोन आवाज, काका."

"दोन," मामी म्हणाली.

"दोन," मामा म्हणाला. "पहिला माझा चुकला. मनगट हललं."

बंदूक ज्याच्या हातात, दोष त्याचा, अशी आमच्याकडे रीत आहे. मी गप्प राहिले असते तर कुणी विचारलंही नसतं. आणि एकदा चुकीचा शब्द दिला असं गावाला कळलं, की मला पुन्हा कुणी दोर धरायला नेणार नव्हतं.

"मनगट हललं नाही," मी म्हणाले. "शब्द माझा होता. डोळे पाण्यात होते तरी मी मार म्हणाले. त्याने शब्द आल्यावरच मारला आणि बार जिथे सांगितलं तिथेच लागला. पाण्यात."

मॅटफी हसला. "चार वर्षं मासे शिकून आलेल्या बाईंना पाणी दिसलं नाही?"

"मासा दिसला," मी म्हणाले. "मोठा होता."

कुणीतरी खो-खो हसलं. मामी हसली नाही. ती पाण्यात उतरली, माशाच्या डोक्यापाशी वाकली, भोक बघितलं आणि त्यावर बोट ठेवलं. एकच, स्वच्छ, दोन डोळ्यांच्या मागे.

"दोन बारांच्या मध्ये किती वेळ?" तिने मला विचारलं.

"नुसतं ओढण्यातच अकरा मिनिटं."

"तेवढ्यात हा काय करत होता?"

"बंदूक उघडी धरून थांबला होता." मग मला पुढचंही सांगावं लागलं. "मी म्हणाले दोर कापू, म्हणजे एकच आवाज राहील. तो नाही म्हणाला. म्हणे तिला लागलं असेल."

मामीने मामाकडे बघितलं. तो खड्यांमधून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होता. ओला, डावा हात पोटाशी धरलेला, उजवं मनगट सुजलेलं.

"हात बरा आहे," मामी शेवटी म्हणाली. "दोर धरणारी बरी नाही. उद्यापासून दोर मी धरणार."

"तू?" मामा म्हणाला. "फेदोस्या, तुला बोट लागते. धक्क्यावर उभी राहूनसुद्धा लागते."

"लागू दे. उलटी करताना माझे डोळे उघडे असतात."

"पण आत्या," मॅटफी म्हणाला, "बोट मग..."

"कुठली बोट?" मामीने विचारलं, त्याच्या कमरेचा सुरा काढून घेतला आणि रीतीप्रमाणे गावातल्या म्हाताऱ्यांसाठी गालांचं चविष्ट मांस कापायला वाकली.