दोन डोळ्यांची पाहुणी

खरवईच्या टोकाला, जिथं भाताची खाचरं संपतात आणि बिल्डिंगांना पालवी फुटते, तिथं तिसऱ्या मजल्यावर तेजस्वीची रायफल रुसून बसली होती. हवेची रायफल, दहा मीटरवरून छर्रा मारायची. पंधरा दिवस झाले, छर्रे कागदाच्या मधोमध जायचे सोडून वर-खाली चालले होते.

"वर-खाली जातायत म्हणजे वेग हलत असणार," क्लबातल्या यशोधरा मॅडम म्हणाल्या. "हवा सोडणारी झडप गेली असेल. वेग मोजून बघ. हलत असेल तर रविवारच्या निवड चाचणीला क्लबाची रायफल घे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव, फॉर्मवर कुठली लिहू."

वेग मोजायचं क्लबाचं यंत्र दिवाळीपासून दुरुस्तीला गेलं होतं. कुठली दिवाळी, हे विचारायचं नसतं. आणि क्लबाची रायफल म्हणजे लग्नाच्या हॉलमधली चप्पल. कुणाच्याही पायात जाते, कुणाच्याच मापाची नसते. तिच्यावर निवड होणं म्हणजे उसन्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवणं.

तेव्हा यंत्र घ्यायचं ठरलं, आणि हितेशदादाला बंदुकीतलं काहीच कळत नसल्यामुळे ते निवडायचं काम त्याच्याकडे गेलं. त्यानं एका रात्रीत एकेचाळीस व्हिडिओ पाहिले आणि सकाळी चहाला तो तज्ज्ञ होऊनच बसला.

"फुकट ॲप आहे," तो म्हणाला. "रायफलचा आवाज आणि कागदावरचा ठप्प, दोन्ही ऐकतं आणि मधला वेग काढतं. खर्च झिरो."

फोन टेबलावर ठेवला. आत काशीआत्या खलबत्त्यात लसूण ठेचत होती. तेजस्वीनं रायफल उचलायच्या आधीच ॲप बोललं: सेकंदाला एकशे साठ मीटर.

"लसूण जोरात आहे," तेजस्वी म्हणाली.

मग परदेशी रडार पाहिलं. ते इतकं अचूक होतं की किंमत वाचून दादानं फोन उलटा ठेवला. त्या भावात त्याची सेकंडहँड स्कूटर आली होती, आणि तीही अजून कधीकधी सुरू व्हायची. ऑनलाइन स्वस्तातलं एक सापडलं, पण ते येणार सोमवारी. म्हणजे वऱ्हाड जेवून गेल्यावर वाढपी यायचे.

गुरुवारी दोघं उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या दुकानात गेली. शेठनं काउंटरवर एक छोटा काळा डबा ठेवला. वर कमान, खाली दोन काचेचे डोळे. छर्रा पहिल्या डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जातो, आणि डबा वेग सांगतो.

"साईं, बॉडी मेटल, आँख दो, भाव एक."

"वॉरंटी?" दादा.

"दुकान इधर ही है ना. मैं किधर जाऊंगा?"

"पण खरं सांगतं का?"

"मेरे से तो ज़्यादा सच बोलता है, साईं."

तेजस्वीनं एकच विचारलं, "एकसारखे पंधरा मारले, तर पंधराही वेळा सारखं दाखवेल?"

"अगं, ब्ल्यूटूथ आहे त्याला!" दादा म्हणाला, आणि त्या उत्तरावर खरेदी झाली.

शुक्रवारी सकाळी काशीआत्या हेंद्रेपाड्याला जायला निघाली होती. पण घरात नवी वस्तू आली, तिला कोरडीच कशी ठेवायची? पाट मांडला, ताट आलं, हळद आली, कुंकू आलं, अक्षता आल्या. आत्यानं जुळवूनही टाकलं:

लांबून आली गो पाहुनी, तिला दोन दोन डोल
माजे तेजूचे गोलीचा खरा सांगल ती मोल.

दादानं त्याचा व्हिडिओ काढला. ब्ल्यूटूथचा घरातला पहिला आणि शेवटचा उपयोग म्हणजे तो त्यावर आरती लावायला गेला. ती लागली नाही.

या फ्लॅटमध्ये बिल्डरनं बाकी सगळं आखूड दिलं असलं, तरी हॉलच्या दारापासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत दहा मीटर बरोबर भरत होते. भिंतीशी वाळू भरलेली लोखंडी पेटी होती, तिच्यावर कागद. तेजस्वीनं रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, म्हणजे हात हलायला नको, आणि डब्याच्या कमानीतून छर्रा सोडला.

एकशे बहात्तर.

"एक नंबर!" दादा.

दुसरा: तीनशे अकरा. तिसरा: चौऱ्याण्णव. चौथ्याला डब्यानं नुसतीच रेघ दाखवली.

"गेली," दादा म्हणाला. "झडप नाही, अख्खी रायफलच गेली." आणि त्यानं तत्परतेनं घरच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं. दोन मिनिटांत सहा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्यातल्या दोघांना, कोण गेलं ते माहीत नव्हतं. "आता मॅडमना कळवतो, क्लबाची लिहा म्हणून."

"थांब."

तेजस्वी कागदापाशी गेली. चार छर्रे मारले होते आणि भोक एकच होतं, कडेला जरा फाटलेलं. चौऱ्याण्णवच्या वेगानं आलेला छर्रा निदान तीन बोटं खाली पडायला हवा होता. हा मात्र तीनशे अकराच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

ती परत आली आणि डब्यावर वाकली. एका डोळ्यात कुंकू, दुसऱ्यात हळद, आणि दोन अक्षता, रायफलच्या हवेनं प्रत्येक वेळी इकडून तिकडे नाचणाऱ्या.

"आत्या, तू हिच्या डोळ्यांत कुंकू लावलंस?"

"मंग कुठं लावनार? तिला कपाल हाय का?"

चष्म्याच्या फडक्यानं तेजस्वीनं दोन्ही डोळे पुसले. अक्षता फुंकून टाकल्या. परत टेकवून मारलं. एकशे बहात्तर. एकशे त्र्याहत्तर. बहात्तर. बहात्तर. पंधरापैकी पंधरा, देवळातल्या समयांसारखे एका ओळीत.

"बघ, मी म्हटलेलं ना मशीन भारी आहे!" दादा म्हणाला. "आता ग्रुपवर काय लिहू?"

"लिही, जिवंत आहे."

पण तेजस्वी हसली नाही. झडप शाबूत होती. वेग शाबूत होता. वाळूच्या पिशवीनं धरलेली रायफल पंधरा वेळा एकाच भोकात शिरत होती. मग पंधरा दिवस वर-खाली होत होतं ते कोण? झडप गेलेली असू दे, असं ती रोज झोपताना मनाशी म्हणत होती. नवस बोलायचाच तेवढा बाकी होता. आता तो आडोसाही एका काळ्या डब्यानं काढून घेतला, तेही स्वस्तातल्या.

"मॅडमना काय कळवू?" दादानं या वेळी हळू विचारलं.

"माझीच रायफल लिहायला सांग."

तिनं वाळूची पिशवी पायानं बाजूला सारली आणि उभी राहिली, चाचणीत राहावं लागतं तशी. आत्या पुन्हा ताट घेऊन आलीच. तेजस्वीनं कपाळ पुढं केलं.

"इथं लाव. मला आहे."

मग श्वास अर्धा सोडला आणि छर्रा मारला. डब्यावर एकशे बहात्तर. कागदावर दहापैकी आठ, मधल्या ठिपक्याच्या वर.

"वेग परफेक्ट!" दादा ओरडला.

"डबा उचल तो," ती म्हणाली. "त्याचं सांगून झालंय." आणि पुढचा छर्रा भरला.