वर्णनाखालचं नाव

यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल; त्याला चिपच्या आतलं आपलं आपण काहीच दिसत नाही. कुठला कंट्रोलर कुठे बसलाय, त्याची कोणती तार ओढली की कोणता भाग नव्याने सुरू होतो, हे सगळं त्याला आधी लिहून द्यावं लागतं. रिसेट कंट्रोलरचं असं वर्णन तिने सात वर्षांपूर्वी लिहिलं आणि ऑफिसात तिचं नाव रिसेटबाई पडलं ते पडलंच.

वर्णनाखाली ते सांभाळणाऱ्याचं नाव लागतं. कंपनीचं चालत नाही, हाडामांसाचा माणूस हवा. तेव्हा तिने हौसेने आईला फोन करून सांगितलं होतं. पुढे जगभरच्या तक्रारी त्याच नावावर येऊ लागल्या. लिहिलेलं बदलायचीही सोय नाही, लाखो यंत्रं त्याच्या भरवशावर चालतात. नवी चिप निघाली की आत तोच खोडकर कंट्रोलर, आणि पुन्हा हिच्याच मागे लकडा.

नवऱ्याची बदली झाली, शाळेसाठी लेकही त्याच्याबरोबर गेली. तिकडच्या शाखेत हिच्यासाठी जागा होती, पण महिनाअखेरपर्यंतच.

"वर्णनाखालचं तुझं नाव निघू दे, दुसऱ्या दिवशी जा," साहेब म्हणाले.

आपल्या जागी कोणी नाव देतंय का, हे विचारत ती प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन आली. सगळ्यांनी हात वर केले. एकाने तर अर्धा चहा टाकून काढता पाय घेतला.

राहिल्या काकू. मुलं मोठी करून बऱ्याच वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलेल्या, म्हणून सगळ्यांच्या काकू.

"माझं नाव? जगभर दिसेल?" काकूंचा चेहरा असा उजळला की तिला त्यांच्याकडे बघवेना. "घरी सगळे म्हणतात, तू सगळं विसरलीस. आता दाखवते एकेकाला! यात काही भानगड नाही ना गं?"

सांगावं, असं तिला फार वाटलं. पण सकाळीच लेक फोनवर विचारत होती, "आई, तू येतेस ना?"

"छे हो काकू. अधूनमधून एखादी मेल येते, एवढंच."

आपलं नाव खोडून तिने काकूंचं लिहिलं आणि बदल पाठवून दिला. स्वतःची लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला. घरी जाऊन तिने बॅगही भरायला घेतली.

असे बदल मंजूर करणारा गृहस्थ दूर कुठेतरी बसलेला. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. नवीन नावाचं त्याने स्वागत केलं होतं. मात्र या कंट्रोलरच्या खोड्या जाणणारं माणूस एकच, तेव्हा जुनं नाव काढता येणार नाही. दोन्ही राहू द्यावीत, असं म्हणून त्याने दोन्ही ठेवून टाकली होती.

काकूंनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणली.

"बाई गं, सुटले! एकटीने कसं निभावणार, याच काळजीत होते मी. आता तू आहेस म्हटल्यावर कसली भीती? बघ, पहिली तक्रार आलीसुद्धा. सांग, सुरुवात कुठून करायची?"