रतिलालच्या नावाचा पेला

सुज्ञ वाचकहो, माझी आत्या तापीबाई हिच्या निराधारपणाची सरकारी चौकशी ज्या दिवशी झाली, त्या एकाच दिवसाचा वृत्तान्त मी येथे कथन करीत आहे. त्यात माझ्या हातून जी चूक घडली, तीही मी लपविणार नाही.

सकाळपासून आम्ही आत्याच्या घरातून रतिलाल काढीत होतो. त्याच्या लग्नाची तसबीर भिंतीवरून उतरविली, खुंटीवरचा सदरा माझ्या घरी नेला. रतिलाल हा आत्याचा एकुलता पुत्र. तो सुरतेस कापड गिरणीत कामाला असून सहा वर्षांत त्याने आईस काहीही धाडले नव्हते. आत्या मिरच्या वाळत घालण्याच्या पथारीवर देठ खुडून पोट भरीत असे. परंतु मोतीबिंदूने दृष्टी मंदावली आणि तेही बंद पडले. निराधार अनुदानाखेरीज तिला अन्नाचा आधार उरला नव्हता, आणि कमावता पुत्र आहे असे कागदावर आले की ते मिळणे नव्हते. म्हणून 'मला कोणी नाही' एवढेच तिने तलाठ्यांपुढे म्हणावे, असे मी तिला पढवीत होतो.

रतिलालही आदल्या दिवशी आला होता. अनुदान सुरू झाले की आईस पोसत नाही ही गावाची बोलणी बंद होतील, हा आपला हेतू त्याने मजपासून लपविला नाही.

आत्या हसून म्हणाली, "भटू, आठवी शिकना तू, नि माले खोटं शिकाडी ऱ्हायना." मग तिचे हसू मावळले. "मन्हा तोंडमाईन हाई निंघावं नही. पोऱ्या जित्ता शे मन्हा."

"नुसतं बोलीसन कोणी मरी जास का, माय?" रतिलाल म्हणाला.

शेवटी असे ठरले की तिने गप्प राहावे, उत्तरे मी द्यावीत, आणि रतिलालने शेजारी म्हणून दारात उभे राहावे.

दुपारी तलाठीसाहेब आले. मी सांगितले ते सर्व त्यांनी लिहून घेतले. ऊन फार होते. आल्या माणसास पाणी न देणे आमच्या रीतीत बसत नाही. आणि साहेबांस द्यावयाचे म्हणून फळीवरचा सर्वांत चकचकीत पेला मी स्वतः निवडून, भरून पुढे केला. लग्नात दिलेल्या भांड्यावर नावे कोरण्याची आमच्याकडे चाल आहे. तो पेला माझ्याच वडिलांनी कोरून दिला होता, हे मला त्या क्षणी स्मरले नाही. साहेबांनी पाणी पिऊन मोठ्याने वाचले, "चि. रतिलाल यास, दोधूमामाकडून."

मग त्यांनी विचारले, "आजी, हा रतिलाल कोण?"

 आत्याने दाराकडे तोंड वळविले. तिला तेथे उजेडात उभी एक काळी आकृती तेवढी दिसत असावी. तिने वाट पाहिली. आकृती बोलली नाही.

"पोऱ्या व्हता मन्हा," ती म्हणाली. "मरी गया."

साहेब क्षणभर हळहळले. मुलाच्या मृत्यूचा दाखला पंधरा दिवसांत जोडावा, अन्यथा अर्ज नामंजूर होईल, असे सांगून ते निघून गेले.

रतिलालने मला ओट्यावर बाजूस घेतले, तरी आत्याचे कान शाबूत होते.

"भटूभाऊ," तो म्हणाला, "तो दाखला कितला दिनमा भेटस?"

आत्या उठली. भिंत धरीत मोरीत गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतले. आप्ताच्या मरणाची वार्ता आली की आमच्यात असेच स्नान करतात. आम्ही दोघेही ते जाणत होतो.

एसटीची वेळ झाली तेव्हा रतिलालने पिण्यास पाणी मागितले. साहेबांनी खाली ठेवलेला पेला आत्याने उचलला. कोरलेल्या अक्षरांवरून तिने एकवार अंगठा फिरविला, पेला फळीवर पालथा ठेवला, आणि चाचपडत तांब्या घेऊन, वाटसरूस द्यावे तसे वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतले.

"आजून वतू का, भाऊ?" तिने विचारले.

ही हकीकत वाचण्याचे श्रम आपण घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

भटू दोधू पाटील