दिवा निवेपर्यंत

मी बोलतेय. होय, मीच, कुंड्यांच्या रांगेमागे उभी असलेली पांढरी डिझेल गाडी. पांढरी म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. आता माझ्या पाठीवर खताची पोती असतात आणि आरशाला कुठलीतरी वेल बिलगू पाहते आहे. त्याची तक्रार नाही. तक्रार एकच आहे. रोज समोरच्या रस्त्यावरून एक करड्या रंगाची नवीकोरी गाडी जाते. काचा उभ्या टेकवायची जी लोखंडी घोडी तिच्या पाठीवर आहे, ती माझी आहे. माझ्या अंगावरून उतरवून तिला घातली. आपला दागिना सवतीच्या अंगावर बघावा लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मीही एकेकाळी नवी होते. हे लोक फार लवकर विसरतात.

दादाचं काचेचं दुकान होतं. खिडकी मोजायची, काच कापायची, नेऊन बसवायची. मला घेतल्यावर त्याने सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर काढू दिलं नाही. उन्हात ते मांडीला चिकटायचं, उठताना चर्रकन आवाज व्हायचा, तरी नाही. पहिल्या दिवशी शेजारी त्याची बायको, आमची वहिनी, बसली होती.

"वास किती छान येतोय हो नवेपणाचा," ती म्हणाली.

"हळू श्वास घे. लवकर संपेल."

दोघं हसली. मला ते हसणं फारसं आवडलं नाही. गाडी माझी, वास माझा, आणि कौतुक तिचं.

पण एक गोष्ट फक्त माझी होती. मी जुन्या घडणीची डिझेल. किल्ली अर्धी फिरवली की माझ्या पुढ्यात एक पिवळा दिवा लागतो. आत हीटर तापत असतो. दिवा गेला की मग किल्ली पूर्ण फिरवायची. तेवढं थांबलं की मी पहिल्या हाकेला उठते. नाही थांबलं, तर खोकते, पांढरा धूर सोडते आणि माणसाची अब्रू घालवते.

दादा थांबायचा. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "थांब, दिवा विझू दे." तशी वहिनी दारातून ओरडली, "विझू दे असं अशुभ काय म्हणता? निवू दे म्हणावं!" तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द पक्का झाला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो शांत बसायचा आणि पुटपुटायचा, "निवू दे, निवू दे." सकाळी दुकानाला निघताना, दुपारी जेवून परत निघताना. दिवसभर घाईत असलेला माणूस माझ्यासाठी मात्र थांबायचा. तेरा वर्षं मी याच तोऱ्यात होते.

मग दादा गेला. माझ्यात नाही, माझ्यामुळे नाही, हे सांगितलेलं बरं. दुकानात काच कापता कापता छातीत कळ आली. दोन दिवस दवाखान्यात होता. तिसऱ्या दिवशी दुकानासमोरून मला न्यायला धाकटा एकटाच आला.

धाकटा म्हणजे दादाचा भाऊ. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही, पण काच एका रेघेत कापायचा. फक्त धीर नाही. डोक्यात आलं की हातात आलंच. त्या दिवशी त्याने किल्ली फिरवली ती सरळ शेवटपर्यंत. दिवा लागला न लागला तोच मला ढकललं. मी खोकले. पुन्हा फिरवली. मी पुन्हा खोकले. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि रडायला लागला. मला वाटलं, माझ्यावर चिडून रडतोय.

पुढे रोज हेच. थंडीचे दिवस होते. सकाळी धूर, शेजाऱ्यांचे टोमणे, गिऱ्हाइकांचे फोन. "ही मेली जाणून बुजून करते," तो म्हणायचा. आणि एकदा, दार आपटून आत बसल्यावर, अगदी हळू म्हणाला, "माझ्यापेक्षा तूच त्याला जास्त बघितलंस. दिवसभर तुझ्याजवळ असायचा. घरी यायचा तो नुसता जेवायला नि झोपायला."

म्हणजे त्याच्याही पोटात दुखत होतं. माझ्यावरून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण चारच दिवसांनी तो मला घेऊन नव्या गाड्यांच्या दुकानात गेला. वहिनीही सोबत होती. आत आरशासारखी फरशी, थंडगार हवा, आणि मधोमध ती. करडी. काचेबाहेर उभी राहून मी सगळं बघत होते. दुकानाचं दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकूही येत होतं. सवत निवडायला पहिलीलाच सोबत नेल्याचं कुणी ऐकलंय का?

टाय लावलेला एक पोरगेला विक्रेता पुढे आला. "सर, बसा तर खरं. बसायला पैसे पडत नाहीत."

धाकटा बसला. समोर टीव्हीएवढा पडदा. मागे घेताना मागचं सगळं त्यात दिसतं म्हणे. खुर्ची गरम होते, आरसे आपोआप मिटतात.

"आणि हे बटण, सर. दाबा, निघा. थांबायची भानगडच नाही."

धाकट्याने बटण दाबलं. ती जागी झाली. ना खोकला, ना धूर. त्याचा चेहरा असा सुटला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पेट्रोल की डिझेल?" वहिनीने विचारलं.

"ताई, डिझेलच घ्या. घेताना जड, चालवताना हलकी. ओझं वाहायला तिच्यासारखी नाही."

"आमची धाव घर ते दुकान, दुकान ते गिऱ्हाईक. एवढ्याशा धावेला चालते का?"

विक्रेत्याने टाय सारखा केला. "चालते ना. फक्त नव्या डिझेलच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. नुसतं गावात फिरलं तर ती काजळीने भरते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवून आणायची. शिवाय एक औषध असतं, त्याची वेगळी टाकी. आणि सर्व्हिसिंग आमच्याकडेच, बाहेर नाही."

"म्हणजे तिला फिरायला न्यायचं, औषध पाजायचं आणि डॉक्टर तुमचाच," वहिनी म्हणाली. "सून आणतोय की सासू?"

शाब्बास वहिनी! तेरा वर्षांत पहिल्यांदा मला ती आवडली.

पण धाकटा बटणावरून बोट काढत नव्हता. "वहिनी, थांबावं लागत नाही," एवढंच म्हणाला. आणि सही करून मोकळा झाला. बदल्यात माझी किंमत लावायला त्यांचा माणूस बाहेर आला, टायरवर लाथ मारली आणि भंगारवाल्याला लाज वाटेल असा आकडा सांगितला. तेव्हा मात्र धाकटा उसळला. "त्यापेक्षा मी हिला बाहेर विकेन!"

गिऱ्हाईक मिळालं ते रोपवाटिकेच्या बाईंच्या रूपाने. त्या येण्याआधी मला तपासायला मेस्त्री आले. मेस्त्री म्हणजे दादाचे जुने मित्र, माझी नस न् नस त्यांना ठाऊक. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, दिव्याकडे बघत बसले, मग सुरू केलं. मी एका झटक्यात उठले.

"हिला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "ठणठणीत आहे. अरे, तू दिवा निवू देतोस का?"

धाकट्याने नजर वळवली.

"अरे, विचारतोय मी."

"बघवत नाही मला," तो म्हणाला. "दवाखान्यात त्याच्या उशाशी जे यंत्र होतं, त्यावर असाच पिवळा दिवा होता. मी बघत होतो. दिवा गेला, आणि दादाही."

मी माझी घरघर शक्य तेवढी हळू केली. इतके दिवस मी त्याला उतावळा म्हणत होते.

वहिनी पायरीवर उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे ते त्या दिव्यासाठी थांबायचे? मला वाटायचं माझ्यासाठी. मी भांडी ठेवून खिडकीत येईपर्यंत गाडी कधी हलली नाही. सकाळी नाही, दुपारी नाही."

"दुपारी?" मेस्त्रींनी मान वर केली. "दुपारी कशाला थांबेल? सकाळपासून चालून इंजिन गरमच असतं. दिवा लागतो न लागतो तोच जातो."

"दुपारीही थांबायचे. रोज."

मेस्त्री हसले. "मग वहिनी, दुपारचं थांबणं तुमचंच."

वहिनीने पदर तोंडाला लावला. आणि माझ्या तेरा वर्षांच्या तोऱ्याचा अर्धा भाग तिथल्या तिथे निखळला. खरंच की. दुपारी दिवा केव्हाच निवलेला असायचा, तरी तो "निवू दे, निवू दे" म्हणत बसलेला असायचा. नजर कुठे असायची, ते मी कधी बघितलंच नाही.

"ठेवू या का हिला, वहिनी?" धाकटा एकदम म्हणाला. हा असाच. "नवी परत करतो."

"नको, भाऊजी. दोन गाड्या पोसायच्या कशाला? तुम्हाला त्या दिव्यासमोर रोज बसवणार नाही मी. आणि ते काही गाडीत राहिलेले नाहीत." मग माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे हिला. चांगल्या घरी जातेय."

रोपवाल्या बाई आल्या. घोडी आधीच उतरवली होती, अंग उघडं उघडं वाटत होतं. बाई स्टिअरिंगशी बसल्या, गल्लीतून बाहेरचा रस्ता दाखवायला शेजारी धाकटा. इंजिन अजून गरम होतं. किल्ली अर्धी फिरली, दिवा लागला आणि लगेच गेला. त्याने या वेळी नजर वळवली नाही.

"करू सुरू?" बाईंनी विचारलं.

"थांबा जरा. निवू दे."

"गेला की दिवा."

"तरी थांबा."

बाई थांबल्या. चांगल्या आहेत. घरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि वहिनी खिडकीत आली. तिने हात वर केला. मग धाकटा म्हणाला, "हं. चला."

तर आता मी इथे आहे. तुम्ही नवी गाडी घ्या, जरूर घ्या. बटण, पडदा, वास, सगळं घ्या. फक्त जुनीला उठवत नसेल तर तिला मोडीत काढण्याआधी एकदा बघा, थांबायचं कुणी सोडलंय का. आणि ए करडे, उतारावर धाकटा ब्रेक उशिरा लावतो, तेवढं सांभाळून घे. माझी घोडी जपून वापर. नव्याचे नऊ दिवस तुझेही संपतील.

खिडकीतला तो हात कुणासाठी होता, ते मला कळलेलं नाही. धाकट्यासाठी असेल, दादासाठी असेल. मी मात्र ठरवून टाकलंय. माझ्यासाठी होता.