साडेचार फुटांची बैठक

मी सुतार आहे. प्लायला करवत लावण्याआधी वस्तू खडूने जमिनीवर पूर्ण मापात काढून बघायची, हा माझा शिरस्ता. कागदावर सगळंच छान दिसतं.

त्या घराची बाहेरची खोली म्हणजे बांधकामातून उरलेली जागा. जिन्यामुळे एक भिंत तिरकी, काटकोन औषधालाही नाही. लांब भिंतीवर टीव्ही. मालकांना तिरक्या भिंतीलगत पक्की बैठक हवी होती. खाली सामानाचा खण, वर गादी, लांबी साडेचार फूट. आल्यागेल्याला बसायला पुरे, म्हणून मी चौकट आखली.

मग मालक सहज म्हणाले, की आतली आईची खाट आता काढायची आहे, आई यावरच झोपेल.

माझं डोकंच सणकलं. आई दारात उभी होती, चांगली उंच बाई. मी सुचवलं, लांब भिंतीला सहा फुटांची बैठक करू, टीव्ही तिरक्या भिंतीवर न्या. तर म्हणे तिथे पडद्यावर उजेड येतो. वा रे वा. टीव्हीचे एवढे लाड, आणि जन्मदात्रीने रात्रभर मुटकुळं करून पडायचं.

वाद नको म्हणून आईच लगबगीने पुढे आल्या आणि खडूच्या चौकटीत कुशीवर निजल्या, गुडघे पोटाशी घेऊन.

"बघा मिस्त्री, मावते की मी. सवय आहे मला."

"सवय कुणी लावली?" मी विचारलं.

मी टेप मालकांच्या हातात दिला. "खोलीचं माप मी घेतलं, साहेब. आईचं तुम्ही घ्या. त्याशिवाय मी लाकडाला हात लावणार नाही."

"तुम्ही तुमच्या कामापुरतं बघा, मिस्त्री."

"तेच बघतोय."

नाइलाजाने ते गुडघ्यांवर बसले. मी म्हटलं, "काकू, पाय सोडा." त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. मग हळूहळू पाय लांब केले. खडूची रेघ ओलांडून टाचा बाहेर गेल्या.

"पाच फूट चार," मालक पुटपुटले. त्यांनी टेप गुंडाळला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "टीव्ही कुठे न्यायचा म्हणालात?"

मी एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं नाही. ओल्या फडक्याने ती चौकट पुसायला खाली वाकलो.

तेवढ्यात काकूंनी पाय परत पोटाशी घेतले होते.