चुकायची तालीम

“तू चुकायचंस. कळलं?” बाई म्हणाल्या.

मुंगीनं मान हलवली, पण तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. चौथीच्या वर्गात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत हुशार असलेली ही पोरगी आजवर फळ्यापाशी उभी राहून कधी चुकली नव्हती.

“पण बाई, मला येतंय ना!”

“येतंय म्हणूनच तुला सांगतेय. ज्याला येत नाही तो एकदा चुकायला लागला, की कुठवर चुकत जाईल याचा नेम नाही.”

मुंगीला ते पटलं नाही, पण बाईंपुढे बोलणार कोण? बाईंनी लगेच पैलवानाकडे मोर्चा वळवला. पैलवान म्हणजे वर्गातला सगळ्यांत आडवा मुलगा. “ही चुकली, की तू उठायचंस आणि म्हणायचंस, ‘मला वेगळं वाटतं.’ मग बरोबर उत्तर सांगायचंस. म्हण बघू.”

पैलवानानं एका दमात सगळं म्हणून दाखवलं. पाठांतराला तो वाघ होता.

एवढा सगळा खटाटोप उद्यासाठी होता. यंदापासून खेड्यापाड्यांतल्या शाळांना नवे निकष लागू झाले होते. मुलाला उत्तर नुसतं यायला नको, ते कसं आलं तेही सांगता यायला हवं. ते शिकवायचं कसं, हे दाखवायला जिल्ह्याकडून एक तरुण गणितताई शाळाशाळांतून हिंडत होती. प्रशिक्षणात ती म्हणाली होती, “वर्गात चुका दिसायला हव्यात. चुका दिसल्या म्हणजे समजायचं, मुलं विचार करतायत.” बाकीच्या शिक्षकांनी माना डोलावल्या आणि ते चहा प्यायला गेले. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. चुका हव्यात ना? देऊ की. वेळच्या वेळी आणि अगदी स्वच्छ देऊ.

मनावर घेण्याचं आणखी एक कारण होतं. हेडसरांनी बाईंना बोलावून मोठ्या मायेनं सांगितलं होतं, “ताईंचा शेरा बरा आला नाही, तर पुढच्या सत्रात चौथी धाकट्या बाईंना देऊ. तुम्ही ऑफिस सांभाळा. हजेरीपट, पत्रव्यवहार, किल्ल्या. आरामच आहे हो तो!”

कसला डोंबलाचा आराम! माशाला काठावर काढून ‘आता जरा ऊन खा’ म्हणण्यासारखंच ते. केस काळेभोर होते तेव्हापासून बाई चौथी शिकवत आल्या होत्या. सकाळी वर्गाचं दार ढकललं की तो जो एक गलका अंगावर यायचा, त्यावर त्यांचा दिवस चालायचा. ऑफिसातल्या कपाटांनी असा गलका कधी केला होता?

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता यजमानांनी विचारलं, “झाली का तयारी?”

“झाली. मुंगी तेवढी मनापासून चुकत नाहीये.”

यजमानांच्या हातातली घडी हातातच राहिली. “म्हणजे जन्मभर पोरांच्या चुका काढल्यास आणि आता चुकायची तालीम घेतेयस?”

“नवीन पद्धत आहे ती. तुम्हांला नाही कळायचं, अहो.”

“मी तर तालमीशिवायच चुकत आलोय,” ते म्हणाले. बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणितताई स्कूटर लावून वर्गात आली आणि मागे बालवाडीतून आणलेल्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची एवढीशी, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकायचेच काय ते बाकी. तिच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग बाईंनी बरोबर टिपला. घरी तान्हं असणार. त्याला कुणाच्या तरी ओटीत टाकून ही एवढ्या लांब आलीय. त्यांना एकदम तिची माया आली आणि त्याच क्षणी तिच्या हातातल्या पेनाची धडकीही भरली.

हेडसर दारात उभे होते. बाईंनी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या फळ्यावर चिकटवल्या.

“या पट्टीचे तीन सारखे भाग केले आणि त्यातला एक घेतला. या दुसऱ्या पट्टीचे चार सारखे भाग केले, त्यातला एक घेतला. मोठा भाग कुठला?”

मुंगी उठली. कडू औषध घ्यावं तसा चेहरा करून म्हणाली, “एक चतुर्थांश मोठा. कारण तीनापेक्षा चार मोठे.”

“असं होय! कुणाला काही वेगळं वाटतं का?” बाईंनी विचारलं, आणि आपला आवाज फारच गोड लागतोय असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

पैलवान उठला. “मला वेगळं वाटतं. भाग जितके जास्त तितका प्रत्येक भाग लहान म्हणून एक तृतीयांश मोठा.”

“छान! बस.”

पैलवान बसला नाही. डोकं खाजवत तसाच उभा राहिला.

“बस म्हटलं ना रे.”

“बाई, खरं सांगू?” तो म्हणाला. “मला मुंगीचंच पटतंय.”

बाईंनी चोरून ताईकडे पाहिलं. तेवढ्यात खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं, “मलापण!” मग आणखी एक हात वर झाला, आणि बघता बघता अर्ध्या वर्गाचे हात वर. हे सगळं बघून मुंगीचा संयमच सुटला. ती बाकावर चढून ओरडली, “अरे ठोंब्या, मी मुद्दाम चुकले होते! बाईंनीच सांगितलं होतं चुकायला!”

दारात हेडसर खोकले. ताईचं पेन थांबलं.

बाईंचे कान तापले. त्यांना सगळ्यांत सोपं काय ते ठाऊक होतं. बरोबर उत्तर फळ्यावर लिहायचं, सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायचं आणि पुढचं गणित घ्यायचं. दर वर्षी तसंच व्हायचं, आणि दर वर्षी पोरं उत्तर बिनचूक म्हणायची. पण पैलवान त्यांच्याकडे बघत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणजे ज्यानं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं, त्यालाच ते पटलं नव्हतं. मग आजवर किती जणांना पटलं नसेल?

शेरा गेला खड्ड्यात, असं त्यांच्या मनात आलं. “का रे वाटतं तुला तसं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न तालमीत नव्हता.

“आकडा मोठा म्हणजे जास्तच ना, बाई? मार्कांचं तसंच असतं. रन्सचंपण.”

खोटं काय होतं त्यात? बाई पुन्हा फळ्यावरच्या पट्ट्यांकडे वळणार, तोच मुंगी ओरडली, “माणसं जास्त झाली रे, जागा नाही झाली! बाकावर बसून बघ!”

मग जे झालं त्याला धडा म्हणावं की दंगल, हे हेडसरांनाही ठरवता येईना. पैलवानासकट तिघं एका बाकावर बसले. पैलवान ऐसपैस पसरला. “मजेत?” मुंगीनं विचारलं. “मजेत!” मग तिनं चौथ्याला आत घुसवलं. “सगळ्यांनी सारखी जागा घ्यायची हां! सरक, सरक! ए, तुझी एकट्याची जहागीर आहे का?” या टोकाकडून रेटा आला, त्या टोकाकडून रेटा आला, आणि कडेचा पैलवान धप्पकन खाली.

कुणी हसायच्या आतच तो जमिनीवरून ओरडला, “कळलं! बाई, कळलं! चौथा आला तशी माझी जागा कमी झाली! चार भागांतला एक लहानच!”

आता वर्ग हसला. ताई हसली. बाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू त्याखालून फुटलंच.

पैलवान मात्र अजून खालीच बसून विचार करत होता. “पण बाई, बाक लांब असला तर? लांब बाकाचा चौथा भाग आणि आखूड बाकाचा तिसरा. तेव्हा मोठा कुठला?”

उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते कसंबसं गिळलं. “तुम्हांला काय वाटतं?”

अक्षरशः रान पेटलं. कुणी बाकाला बाक जोडले, कुणी वितीनं मोजायला लागलं, दोघं तर हातघाईवर आले. मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली. एकही पोर हललं नाही. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला चष्मिष रडवेला होऊन बाईंपुढे उभा राहिला. “बाई, माझी चूक राहिली!”

तालमीत त्यालाही एक चूक वाटून दिली होती, आणि त्याची पाळी मुंगीनंतर होती. बाई ताईकडे बघत म्हणाल्या, “आता काय लपवायचं! चुकून दाखव, बाळा.”

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, बाकांकडे पाहिलं. “आता नाही येत, बाई. कळलं ना मला ते.”

मुलं पांगल्यावर बाई ताईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “लिहा काय लिहायचं ते. तालीम घेतली होती मी. तुम्हीच म्हणाला होता ना, चुका दिसायला हव्यात.”

“अहो बाई, पण त्या मुलांच्या हव्यात!” ताई हसून हसून बेजार झाली होती. मग गंभीर झाली. “सुरुवातीला मी जे लिहिलंय ते बरं नाही, आणि मी ते खोडणारही नाही. पण नंतर तुम्ही त्या मुलाला ‘का’ विचारलंत. हे तुम्हांला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी सांगणार? त्याचं तोंड बघवेना.”

चौथी काढून बाईंना किल्ल्या द्यायचा बेत हेडसरांनी आधीच ताईच्या कानावर घातला होता. ती त्यांच्याकडे वळली. “सर, चौथी यांच्याकडेच राहू द्या. किल्ल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. मी महिन्यातून एकदा येत जाईन, आणि पुढच्या खेपेला शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांनाही आणीन.” मग बाईंना म्हणाली, “एक मात्र शिकावं लागेल. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. तुमचं उत्तर तुमच्या प्रश्नाच्या पाठीवरच बसून येतं.”

“तोंड आहे हो ते. नळ थोडाच आहे बंद करायला?”

“प्रयत्न करा. माझ्याही सासूबाईंना जमत नाही.”

घरी जाताना बाईंना जुनी पोरं आठवत राहिली. कुणी आता दुकान चालवत होतं, कुणाचं लग्न होऊन पोरंबाळं झाली होती. त्यांनीही एका सुरात बरोबर उत्तरं दिली होती, आणि त्यांना कुणी ‘का’ विचारलं नव्हतं. पण उद्याचं गणितही डोक्यात घोळायला लागलं होतं, आणि पाय आपोआप भरभर पडत होते.

सकाळी दार ढकललं. गलका अंगावर आला. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, खडू खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले, हात मागे एकमेकांत अडकवलेले.

वर्ग गप्प झाला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“बाई बोलत का नाहीयेत?” पैलवान कुजबुजला. “घसा बसलाय का?”

“नाही रे,” मुंगी म्हणाली. “आपण बोलायची वाट बघतायत.”