बंदरावरची बाई

वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि मशीनखालून कुणाची तरी पँट ओढून घेतली. समोर पसरलेल्या कागदांना तिने अजून हात लावला नव्हता.

"हा घे तुझा खडू," नणंद म्हणाली. "तुझ्या वाक्यांवर तू खूण कर, माझ्या वाक्यांवर मी पेन्सिलीने. जिच्या खुणा जास्त, तिचं नाव."

वरच्या कागदावर गोष्टीची सुरुवात होती: *बोट सुटली की बंदरावर फक्त बायका उरतात, आणि*

टीव्हीवरच्या एका मालिकेत कप्तानाची बायको दर भागाच्या सुरुवातीला बंदरावर उभी राहून हात हलवायची. मग बोटीबरोबर गोष्टही निघून जायची. एकदा शिवता शिवता, मान वर न करता, वहिनीने विचारलं होतं, हात खाली केल्यावर ही बाई जाते कुठे? तेव्हापासून दोघी तेच लिहीत होत्या. वहिनी मशीनवर बसून बोलायची. नणंद टाइप करायची आणि मध्येच आपलं काहीतरी घुसडायची. वाचून दाखवलं की वहिनी म्हणायची, हे काही मी बोलले नव्हते, पण असू दे. एका साइटवर त्या एकेक भाग टाकत गेल्या, आणि वाचणाऱ्या बायका पुढच्यासाठी हात धुऊन मागे लागल्या.

आता एका प्रकाशकाला त्या भागांचं पुस्तक हवं होतं. कप्तान आणि बोट उसनी आहेत, ती बदला, असं त्याने कळवलं होतं. शिवाय लेखिका एकच हवी. जेवताना नणंदेचा भाऊ म्हणाला होता, टाइप ताईने केलंय, तिचंच नाव टाका. घरातल्या घरात वाटणी कसली? वहिनी ताटं घेऊन आत गेली होती. नळ बराच वेळ चालू होता.

"उसनी म्हणे," खडू बोटांत फिरवत वहिनी म्हणाली. "मला हे घर तरी कुठे नवं मिळालं? पडदे कुठले लावायचे, तेसुद्धा आधीच ठरलेलं. राहिलेच ना मी?"

नणंद पेन्सिलीला टोक काढत राहिली. पडदे तिनेच ठरवले होते.

दोघींनी आळीपाळीने पानं फिरवली. शेवटी एक जागा बिनखुणेची राहिली. वाचकांनी सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलेली.

*बोट दिसेनाशी झाली. तिने हात खाली केला. खांदा दुखत होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, दुखतंय ते दुसरंच काहीतरी.*

"हे तुमचं आहे, ताई."

"माझं? मी तुझं म्हणून सोडलं."

दोघींनी एकमेकींकडे निरखून पाहिलं. मोठेपणा दाखवायला दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं.

नणंदेने फोन उचलला, प्रकाशकाला लिहिलं आणि पाठवण्याआधी वहिनीपुढे धरला. बोट बदलू. नावं दोन.

"नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

वहिनीने कागद झटकले. खडू उडून तिच्या मांडीवर पडला. जरा वेळाने ती उठली, पुढच्या खोलीत गेली आणि स्टुलावर चढून पडदे काढायला लागली.

नणंदेने स्टूल धरलं.